नळीतलं वलय

वुकोसावा मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या वर्कशॉपच्या दारात उभी राहिली, तेव्हा मला आधी वाटलं, ही चुकून आली. एकेचाळीस वर्षांत तिने या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, ग्रादिमीरला, जाऊन महिना झाला होता. मी अंत्ययात्रेला गेलो नव्हतो. म्हणजे गेलो होतो, पण स्मशानाच्या भिंतीबाहेर सायकल हातात धरून उभा होतो, आणि पाद्र्याचा आवाज थांबल्यावर घरी आलो.

तिच्या हातात उशीचा एक अभ्रा होता, आत काहीतरी जड. तो तिने माझ्या बाकावर ठेवला. ना नमस्कार, ना चौकशी.

"कूम, याच्या आत बघून सांग," ती म्हणाली.

ग्रादिमीर माझा कूम होता. माझ्या लग्नात साक्षीला तोच उभा राहिला, माझ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातावर घेतलं. या नात्याने मी वुकोसावाचाही कूम आणि ती माझी कुमा. आमच्या तिसा नदीकाठच्या गावांत सख्ख्या भावाशी भांडलात तर लोक हसतात, कूमशी भांडलात तर लोक आवाज खाली करून बोलायला लागतात. आणि कूमने काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नसते, मधे कितीही वर्षांचा अबोला असला तरी. तिला हे पक्कं माहीत होतं.

अभ्र्यातून पिस्तूल निघालं. लांब नळीचं, एका वेळी एकच गोळी भरायचं, पॉइंट टू-टू बोअरचं नेमबाजीचं पिस्तूल. लाकडी मूठ ग्रादिमीरने स्वतःच्या तळव्याच्या मापाने घासून घासून बसवलेली. पन्नास पिस्तुलांत मी ते ओळखलं असतं. सवयीने आधी मागचा ठोकळा पाडून बघितलं, आत काडतूस राहिलेलं नाही ना. मग पिस्तूल खिडकीकडे धरून नळीला डोळा लावला. काहीच दिसलं नाही. नळीचं धुराडं झालं होतं.

माझं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली. टू-टूवाल्यांमध्ये दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, या काडतुसाची गोळी मऊ शिशाची, वर मेणाचा हात, तेव्हा नळी कधी साफ करूच नये. साफ केली की नेम बिघडतो. दुसरा पंथ दर वेळी साफ करणाऱ्यांचा. ग्रादिमीर या दुसऱ्या पंथाचा महंत होता. दर रविवारी, चर्चमधून आल्यावर आणि सूप वाढलं जाण्याआधी, तो स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून नळी पुसायचा. पहिल्या पंथाच्या लोकांना तो डुक्कर म्हणायचा, तेही तोंडावर. आणि त्याच माणसाच्या पिस्तुलाची नळी अशी? बाहेरून तर ते तेलाने नुसतं चमकत होतं.

मी वुकोसावाला विचारलं की म्हातारपणी त्याने साफसफाई सोडली होती का. ती म्हणाली, छे, दर रविवारी तासभर पुसत बसायचा. आतून की बाहेरून, ते बघायला ती कधी गेली नाही.

मग तिने पिशवीतून पोलिसांचं पत्र काढलं. वारसाने हत्यार नावावर करून घ्यावं नाहीतर जमा करावं, आणि ते वापरण्याजोगं आहे की नाही हे जाणकाराकडून लिहून आणावं, असं त्यात होतं. गावात असं लिहून देणारे आणखी दोघं आहेत. दोघंही माझ्यापेक्षा तरुण, दोघांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू नाही. मी तसं म्हणालो. तिने न ऐकल्यासारखं केलं, आणि मी कॉफी ठेवली.

कॉफी उकळून फेस वर येईपर्यंत खरं काम बाहेर आलं. शनिवारी ग्रादिमीरचा चाळिसावा दिवस. त्या दिवशी कबरीवर सगळे जमतात, शिजवलेला गहू चमचा-चमचा खातात आणि मेलेल्या माणसाशी असलेला हिशोब मिटवतात. पाद्र्याने तिला बजावलं होतं की दोन कूम असे तोंड फिरवून कबरीत जाणं हे काही बरं नाही. ज्याची चूक असेल त्याने क्षमा मागावी. ग्रादिमीरची असेल तर त्याच्या वतीने तिने मागावी. पण चूक कोणाची हेच तिला माहीत नव्हतं.

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी त्याला सरळ विचारलं," ती म्हणाली. "तर म्हणे, ओस्तोयाला नळीत बघायला सांग. बस एवढंच. पुढे बोललाच नाही. तुला काही कळतंय का?"

ओस्तोया म्हणजे मी, पण मलाही काही कळत नव्हतं.

भांडण कसलं होतं ते सांगतो. एकोणऐंशी साली नोवी साद शहरात प्रांताच्या संघाची निवड होती. पन्नास मीटर, साठ गोळ्या, दर टारगेटवर दहा. ग्रादिमीर आमच्या क्लबचा सर्वांत चांगला नेमबाज, आणि मी पंचांच्या टेबलावर, टारगेट मोजायला. त्याचं शेवटचं टारगेट माझ्यासमोर आलं तेव्हा त्यात नऊ छिद्रं होती. मी दोनदा मोजली. आठ छिद्रं मधे घट्ट बसलेली आणि एक खाली डावीकडे, सहाच्या वर्तुळात, जरा फाटकं. दहावी गोळी गेली कुठे? शेजारच्या कोणाच्या टारगेटवर जास्तीचं छिद्र नव्हतं. मी नऊ लिहिले. ग्रादिमीर चार गुणांनी संघाबाहेर राहिला.

तो म्हणाला, दहा गोळ्या झाडल्या आणि दहाही कागदातून गेल्या, त्या फाटक्या छिद्रातून दोन गेल्या असणार. त्या दुसऱ्या गोळीचे सहा मिळाले असते तर तो संघात होता. मी म्हणालो, छिद्र एक आहे. तो म्हणाला, तू आंधळा तरी आहेस नाहीतर खोटारडा. मी सही केली होती. त्या संध्याकाळी आम्ही एकाच बसने गावी परतलो, तो पुढच्या सीटवर, मी मागच्या. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याने माझ्या पोरीच्या लग्नाला पाकीट पाठवलं, स्वतः आला नाही. त्या दिवशी मी फार रडलो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तर आता माझ्या हातात ती नळी होती, आणि मेलेल्या माणसाने मला तिच्यात बघायला सांगितलं होतं.

मी पिस्तूल बाकाच्या शिकंज्यात, चामडं लावून, आवळून धरलं. चिंधी लावायचा गज नळीच्या तोंडाकडून घालावा लागत होता, म्हणून तोंडाला पितळी टोपी लावली. नाहीतर गज कडेला घासतो आणि नळीचं तोंडच बिघडतं. मळ मऊ करायचं औषध सोडलं, पंधरा मिनिटं थांबलो. पहिल्या चिंधीबरोबर चिखल आला. दुसरीबरोबर चिखल. मग ब्रश फिरवला, पुन्हा चिंधी. पाचवी करडी निघाली, सातवी हिरवट. वुकोसावाला वाटलं गंज. मी म्हणालो, हा ब्रशच्या पितळेचा रंग आहे, याने नवशिके घाबरतात. ती म्हणाली, ती नवशिकीच आहे आणि घाबरणं तिने केव्हाच सोडलंय.

दहाव्या चिंधीनंतर मागे पांढरा कागद लावून मी टॉर्च मारला. आतले आटे, गोळीला फिरकी देणाऱ्या चऱ्या, दिसायला लागले. सुंदर आटे, कडा अजून धारदार, गंजाचा एक खड्डा नाही. मला एकदम बरं वाटलं. मेणाने आणि काजळीनेच नळी राखली होती म्हणायची, म्हणजे डुकरांचा पंथ जिंकला. आणि मग तोंडापासून चार बोटं आत मला ते दिसलं. एक काळं वलय, नळीभर गोल.

शिसं चिकटलं असेल, म्हणून ब्रश आणखी वीस वेळा फिरवला. वलय तसंच. औषध पुन्हा सोडलं. तसंच. माझ्या उजव्या डोळ्याचा भरवसा नाही, म्हणून डाव्याने बघितलं. मग पिस्तूल शिकंज्यातून काढून उलटं करून बघितलं, कारण सावली असती तर ती फिरली असती. ती फिरली नाही. वुकोसावाला बघायला लावलं तर म्हणाली, तिला नळीत फक्त खिडकी दिसते.

डोळ्यांचं ऐकण्यात अर्थ नव्हता. मी जाड फडक्याचा तुकडा तेलात बुडवून गजावर चढवला, इतका घट्ट की ढकलायला दोन्ही हात लागले. तो इंच इंच सरकला, आणि त्या जागी येताच एकदम सैल झाला. बोटभर जागा, हाताला काही विरोधच नाही. मग पुन्हा घट्ट. मी बाहेर काढून परत घातला. तेच झालं. तिसऱ्यांदा घातला, आणि मग मला बसावं लागलं.

वुकोसावाने विचारलं, काय झालं. मी तिला सांगितलं की नळी त्या जागी आतून फुगलेली आहे. असं एकाच कारणाने होतं. कधी एखाद्या काडतुसात दारू कमी पडते, आणि गोळी बाहेर न जाता नळीतच अडकते. आवाज होतो, पण फुसका. झाडणाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि त्याने दुसरी गोळी झाडली, तर ती अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते. तिथे नळी फुगते आणि दोन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून एकदम बाहेर पडतात.

"एकदम म्हणजे एकाच छिद्रातून?" तिने विचारलं.

मी मान डोलावली. आणि माझा गोंधळ आणखी वाढला. असं झालं असेल तर मी बरोबर होतो, छिद्रं नऊच होती. पण मग ग्रादिमीरही बरोबर होता, कागदातून गोळ्या दहाच गेल्या होत्या. दोन माणसं एकेचाळीस वर्षं भांडली, आणि दोघंही खरं बोलत होती? आणि हे त्याच दिवशी झालं हे तरी कशावरून? नळीवर तारीख लिहिलेली नसते. सरावात झालं असेल, त्याआधी झालं असेल, नंतर वीस वर्षांनी झालं असेल. मी तिला म्हणालो, कुमा, यातून काहीच ठरत नाही.

तिने कप खाली ठेवला. मग हळूहळू आठवून आठवून सांगायला लागली. नोवी सादला ती मागे दुर्बीण घेऊन बसली होती. शेवटच्या टारगेटला, सातव्या गोळीनंतर, ग्रादिमीर थांबला होता. त्याने पिस्तुलाकडे बघितलं, मग पंचांकडे बघितलं, मग ओळीतल्या बाकीच्यांकडे. तिला वाटलं तो हात वर करणार. त्याने हात वर केला नाही. पुढचं काडतूस भरलं.

हात वर केला असता तर पंचांनी नळी तपासली असती, गोळी काढली असती, आणि त्याला ती पुन्हा झाडायला दिली असती. नियमच तसा. पण त्याच्या दोन वर्षं आधी आमच्याच क्लबच्या एकाने चाचणीत तीनदा हात वर केला होता आणि ग्रादिमीरने त्याची वर्षभर नक्कल करून दाखवली होती. ज्याला नेम लागत नाही त्याचं काडतूस खराब, असं तो म्हणायचा. आता स्वतः कसा हात वर करणार?

"आणि मग तो रविवार," वुकोसावा म्हणाली. चाचणी गुरुवारी झाली होती. रविवारी त्याने नेहमीसारखं वर्तमानपत्र अंथरलं, गज घातला, आणि मधेच थांबला. ती सूप ढवळत होती. त्याने गज तसाच बाहेर ओढला, पिस्तूल पेटीत ठेवलं आणि कोट घालून बाहेर गेला. सूप गार झालं. पुढच्या महिन्यात त्याने दुसरं पिस्तूल घेतलं. म्हणाला, या जुन्याचा घोडा बिघडला.

मी घोडा ओढून बघितला. घोड्याला काहीही झालं नव्हतं.

तेव्हा मला कळलं की माझ्या फरशीवर पडलेल्या त्या काळ्या चिंध्या म्हणजे त्या गुरुवारचा मळ होता. त्यानंतर या नळीतून गोळी गेली नव्हती आणि गजही गेला नव्हता. आधीच्या रविवारपर्यंत ती साफ होती, वलय असतं तर ग्रादिमीरच्या हाताला ते तेव्हाच लागलं असतं. म्हणजे वलय त्या दिवसाचंच. आणि त्याला ते तीन दिवसांनी कळलं होतं. मी नऊ लिहिले ते खरं होतं हे त्याला ठाऊक होतं. तरी मरेपर्यंत तो माझ्या दाराशी आला नाही. दर रविवारी बाहेरून तेल लावत बसला, आत बघायची हिंमत नाही आणि टाकून द्यायचीही नाही.

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी ढवळत होतं, आणि ते मला वर येऊ द्यायचं नव्हतं.

वुकोसावा उठली. तिचे गुडघे दुखतात, टेबलाला धरून उठली. माझ्याजवळ आली आणि माझा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. आमच्या लोकांत क्षमा मागताना असंच करतात, हाताचं चुंबन घेतात, आणि शनिवारपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

"त्याच्या वतीने मी मागते," ती म्हणाली. "तू खोटारडा नव्हतास, ओस्तोया. मी त्याचं ऐकलं आणि लोकांपुढे तुला खोटारडा म्हणत आले. मला क्षमा कर, आणि त्यालाही कर."

ती वाकायला लागली. एकेचाळीस वर्षं मी याचीच वाट बघत होतो. रस्त्यात, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर मी मनातल्या मनात हे हजार वेळा घडवून आणलं होतं, आणि त्यात मी दर वेळी मोठ्या मनाने क्षमा करत होतो. आता नुसतं गप्प बसायचं होतं. मला कोणी काही विचारलंही नव्हतं.

मी हात काढून घेतला.

"थांब," मी म्हणालो. "छिद्र सैल होतं."

तिला समजलं नाही. मग मी सांगितलं, तिच्याकडे न बघता, शिकंज्याकडे बघत. शंका असली की पंच छिद्रात मापाची खुंटी घालतो. ती एकदाच घालायची असते, कारण दुसऱ्यांदा घातली तर छिद्र खुंटीनेच मोठं होतं. एका गोळीच्या छिद्रात ती घट्ट बसते. त्या फाटक्या छिद्रात मी ती घातली, आणि ती सैल गेली. फार नाही, केसभर. पण माझ्या हाताला ते लागलं. अशा वेळी बाकीच्या दोन पंचांना बोलवायचं असतं. पलीकडच्या टेबलावर सकाळपासून कुजबुज चालू होती की कूमचं टारगेट कूमच मोजतोय, आता बघा मजा. मी त्यांना बोलावलं नाही. खुंटी काढली, नऊ लिहिले आणि सही केली. माणूस कूमलाही सोडत नाही, असं त्या दिवशी सगळे माझ्याबद्दल म्हणाले. मला ते आवडलं.

नंतर मी स्वतःला समजावलं की सैल वगैरे काही नव्हतं, वाऱ्याने कागद हलला असेल. इतक्या वेळा समजावलं की ते मला पटलं. आज गज त्या जागी सैल झाला तेव्हा मी खाली बसलो तो वलयामुळे नाही.

वुकोसावाने बाकावरून अभ्रा उचलला.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं. शंका होती."

"शंकेचा फायदा नेमबाजाला," ती म्हणाली. ती कधी पंचांच्या टेबलावर बसली नव्हती, पण नियम तिला पाठ होता. त्या घरात तो नियम किती वेळा बोलला गेला असेल याचा मी तेव्हा पहिल्यांदा विचार केला.

तिने पिस्तूल अभ्र्यात गुंडाळलं. मी विचारलं, पोलिसांच्या कागदावर काय लिहू. ती म्हणाली, नळीत जे आहे ते लिही, तुला लिहिता येतं. मग पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली, माझ्याकडे पाठ करून.

"शनिवारी अकराला ये. आधी तू क्षमा माग, मग त्याच्या वतीने मी मागेन." मग दाराच्या कडीवर हात ठेवून ती म्हणाली, "तुला गुरुवारी कळलं, त्याला रविवारी. मी मात्र एवढी वर्षं तुम्हा दोघांतला एक खोटं बोलतोय असं धरून जगले. कोण, एवढंच ठरत नव्हतं. त्याच्या शेजारी झोपतानाही ठरत नव्हतं."

ती गेल्यावर मी कोरा कागद ओढला आणि तिने सांगितलं तसं, नळीत जे होतं ते लिहायला बसलो.